शेव्हेलच्या ३५० इंजिनासाठी कार्ब्युरेटर निवडताना

१९७० च्या शेव्हरोले शेव्हेलमध्ये ३५० घनइंचांचे, म्हणजे सुमारे ५.७ लिटरचे व्ही-आठ इंजिन असेल आणि त्यावरचा जुना कार्ब्युरेटर आता थकला असेल, तर मालकासमोर सहसा तीन पर्याय येतात. मूळचा रॉचेस्टर क्वाड्राजेट दुरुस्त करून घ्यावा, हॉलीचा ६०० सीएफएमचा (म्हणजे मिनिटाला ६०० घनफूट हवा जाऊ देणारा) १८५० बसवावा, किंवा तेवढ्याच क्षमतेचा एडलब्रॉक १४०६ घ्यावा. तिन्ही चार बॅरलचे, म्हणजे हवेच्या चार नळ्यांचे आहेत आणि नीट लावले तर तिन्हींवर गाडी छान पळते. मात्र प्रत्येकाची देखभाल वेगळी आहे आणि प्रत्येकाच्या चुकाही वेगळ्या ठिकाणी लपलेल्या असतात.

सर्वांत आधी क्षमतेचा हिशेब करावा, कारण बहुतेकांचे पैसे इथेच वाया जातात. इंजिनाच्या घनइंचांना कमाल आरपीएमने गुणून ३४५६ ने भागले की मिनिटाला किती घनफूट हवा लागेल ते कळते. ३५० इंजिन ५५०० आरपीएमपर्यंत फिरवायचे असेल तर उत्तर सुमारे ५५७ येते, आणि रस्त्यावरचे साधे इंजिन सिलिंडर जेमतेम ८५ टक्के भरते हे धरले तर ४७५ च्या आसपासच गरज उरते. म्हणजे ६०० सीएफएम पुरेसे आहे. ७५० चा डबल पंपर (दोन ॲक्सिलरेटर पंपांचा कार्ब्युरेटर) बसवला की कमी वेगात हवेचा झोत मंदावतो, पेट्रोल नीट ओढले जात नाही, आणि सिग्नलवरून निघताना गाडी अडखळते.

मूळ क्वाड्राजेट बहुधा ७५० सीएफएमचा असतो, तरी त्याला हा दोष लागत नाही. त्याच्या प्रायमरी (नेहमी चालणाऱ्या) बॅरलचा व्यास सुमारे १.४ इंच, तर सेकंडरीचा (जास्त जोर लागल्यावर उघडणाऱ्या बॅरलचा) २.२५ इंच आहे; रोजच्या चालण्यात लहान बॅरल काम करतात आणि सेकंडरीवरची हवेची झडप इंजिनाच्या मागणीप्रमाणेच उघडते. त्यामुळे ॲव्हरेज आणि पिकअप दोन्ही चांगले मिळतात. माझ्या मते या कार्ब्युरेटरची बदनामी अन्यायाची आहे. बऱ्याचदा दोष खालच्या बाजूच्या गळणाऱ्या प्लगांचा, सैल झालेल्या थ्रॉटल शाफ्टचा किंवा पूर्वी कोणीतरी चुकीचे मीटरिंग रॉड (पेट्रोलचे प्रमाण ठरवणाऱ्या सळ्या) घातल्याचा असतो. गाडीचे मॅनिफोल्ड (कार्ब्युरेटरखालची, सिलिंडरांना मिश्रण वाटणारी नळ्यांची बैठक) मूळचे असेल आणि कार्ब्युरेटरचे अंग वाकलेले किंवा तडकलेले नसेल, तर मी आधी जाणकाराकडून तोच दुरुस्त करून घेईन. जवळपास समान भोकांचा (हॉली किंवा एडलब्रॉकसारखा) कार्ब्युरेटर त्या मॅनिफोल्डवर बसवण्यासाठी ॲडॅप्टर लागतो, त्यामुळे उंची वाढून बॉनेटशी अंतर कमी होते.

मॅनिफोल्ड आधीच बदललेले असेल, तर खरी निवड एडलब्रॉक आणि हॉली यांच्यात उरते. एडलब्रॉकची रचना १९५७ पासून चालत आलेल्या कार्टर एएफबीवर आधारलेली आहे. त्याचे मीटरिंग रॉड आणि त्यांखालच्या स्प्रिंगा वरचे झाकण न उघडता काही मिनिटांत बदलता येतात, पेट्रोलच्या पातळीखाली गॅस्केट नसल्यामुळे गळती क्वचित होते, आणि एकदा लावला की तो बरेच दिवस सुखाने चालतो. मात्र त्याला पेट्रोलचा दाब साडेपाच पीएसआयच्या आसपास हवा; साडेसहाच्या वर दाब गेला की पेट्रोल अडवणारी सुई आपली जागा सोडते आणि ओव्हरफ्लो होतो.

हॉलीमध्ये बारीकसारीक बदलांना अधिक वाव आहे. सेकंडरी लवकर किंवा उशिरा उघडण्यासाठी रंगीत स्प्रिंगांचा संच मिळतो, ॲक्सिलरेटर पंपाचा (पॅडल दाबताच जादा पेट्रोल फवारणाऱ्या पंपाचा) कॅम आणि नोझल बदलता येतात, फ्लोटची (आतले पेट्रोल ठरावीक उंचीवर ठेवणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी बाहेरून जुळवता येते. पण जेट (पेट्रोल मोजून सोडणारे भोक) बदलायला पेट्रोलचा बाउल काढावा लागतो आणि आतले पेट्रोल मॅनिफोल्डवर सांडते, म्हणून इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत त्याला हात लावू नये. शिवाय १८५० च्या सेकंडरीत बदलता येणाऱ्या जेटऐवजी ठरावीक भोकांचा पत्रा असतो, हे विकत घेताना अनेकांना ठाऊक नसते. ज्याला दर रविवारी बॉनेट उघडण्यात आनंद आहे त्याने हॉली घ्यावा. ज्याला किल्ली फिरवून निघायचे आहे त्याने एडलब्रॉक.

ट्यूनिंगला बसण्यापूर्वी इग्निशनचे टायमिंग बरोबर आहे का आणि कुठल्या फटीतून जादा हवा ओढली जाते का, हे तपासलेच पाहिजे, कारण या दोन दोषांची लक्षणे कार्ब्युरेटरच्या दोषासारखीच दिसतात. मग फ्लोटची पातळी, आणि त्यानंतर आयडलिंग. इंजिन गरम झाल्यावर दोन्ही मिक्श्चर स्क्रू साधारण दीड फेरा उघडून सुरुवात करावी, व्हॅक्यूम गेज मॅनिफोल्डला जोडावा, आणि काटा सर्वांत वर जाईपर्यंत दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे फिरवावेत.

इंजिनात मोठा कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) असेल तर आयडलिंगचा व्हॅक्यूम कमी असतो आणि इथे दोन्ही कार्ब्युरेटर वेगळी काळजी मागतात. हॉलीचा नेहमीचा पॉवर व्हॉल्व्ह (जोर लागल्यावर जादा पेट्रोल सोडणारी झडप) ६.५ इंच व्हॅक्यूमला उघडतो. ऑटोमॅटिक गाडी ड्राइव्हमध्ये उभी असताना गेजवर १० इंच दिसत असतील, तर साधारण त्याच्या निम्म्या आकड्याचा व्हॉल्व्ह घालावा. एडलब्रॉकच्या रॉडखालची नारिंगी स्प्रिंग पाच इंचांची असते. व्हॅक्यूम त्याच्या जवळपास घुटमळत असेल तर आयडलिंगलाच रॉड वर उठतात आणि धूर काळा येतो. तिथे चार इंचांची पिवळी स्प्रिंग घालून पाहावी.

पॅडल दाबताच गाडी क्षणभर मरगळत असेल तर आधी पंपाची फवार पाहावी. जेट मोठे करण्याची घाई करू नये. गाडी डेन्व्हरसारख्या सुमारे ५,२८० फूट उंचीच्या शहरात चालवायची असेल, तर दर दोन हजार फुटांमागे जेट एका आकड्याने लहान करण्याचा ढोबळ नियम उपयोगी पडतो. आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची केबल नव्या कार्ब्युरेटरच्या लिव्हरला जोडताना पूर्ण थ्रॉटलला ती पूर्ण ओढली जाते का, हे इंजिन बंद ठेवून, एका माणसाला पॅडल दाबायला बसवून डोळ्यांनी पाहावे. गाडीत पुढे कधी ७००आर४ हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवलेला असेल तर योग्य ब्रॅकेटशिवाय गाडी गल्लीतून बाहेरसुद्धा काढू नये, कारण त्या केबलवरच आतला तेलाचा दाब ठरतो आणि ती चुकीची लागली तर क्लच जळतात.