वेसावे (मुंबईतलं वर्सोवा) कोळीवाड्यात भाड्याने राहताना: अख्खा पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

वॉशिंग मशीन बंद पडलं आणि सर्व्हिसवाल्याशी वाजलं, म्हणून आज सविस्तर लिहितोय. मेट्रो किती लांब, डिपॉझिट किती, खोल्या किती लहान हे तुम्हाला ठाऊक असणार. गल्लीत चारचाकी शिरत नाही हेही. मी गेल्या दिवाळीनंतर इथे आलो.

सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे खारी हवा. बाकीच्या सगळ्या एकत्र केल्या तरी हिच्याएवढ्या होत नाहीत. खिडकीच्या बिजागऱ्या, कडीकोयंडा, सायकलची चेन, गॅसची शेगडी, काहीच सुटत नाही. हवेतलं मीठ धातूवर बसतं आणि ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे उन्हाळ्यातही गंज थांबत नाही. चांगलं स्टेनलेस स्टील म्हणून बहुतेकदा मिळतं ते 304 ग्रेडचं. त्यावरही इथे तपकिरी ठिपके पडतात. 316 घ्या. त्यात मॉलिब्डेनम असतं, म्हणून ते मिठाला जास्त टिकतं. महाग आहे, पण दरवर्षी बिजागरी बदलण्यापेक्षा स्वस्त पडतं.

तर मशीन गॅलरीत होतं. सर्व्हिसवाल्याने मागचं झाकण उघडलं, कनेक्टरवरचा हिरवा थर दाखवला आणि म्हणाला, "समुद्राजवळ वापरलंय, वॉरंटीत बसत नाही. बोर्ड बदला, साडेसहा हजार." समुद्रापासून किती अंतर हवं हे कार्डावर कुठे छापलंय ते दाखवा, असं मी विचारलं. उत्तर नाही. भेटीचे पैसे मात्र घेतले. दोन तक्रारी नोंदवल्या, दोन्ही परस्पर 'निकाली'. याचा राग अजून गेलेला नाही.

आमचा वाद समोरच्या दादांनी ऐकला होता. ते बोटींचं वायरिंग करतात. संध्याकाळी स्वतःहून आले. "बोर्ड कशाला बदलतोस? बोटीवर जीपीएस चालतो ना?" आधी प्लग काढायला लावला. मग एकेक कनेक्टर सोडवून मोबाइलने त्याचा फोटो काढला, जुन्या टूथब्रशला थिनर लावून हिरवं निघेपर्यंत घासलं, पूर्ण वाळू दिलं आणि जोडताना वरून पेट्रोलियम जेली लावली. शेवटी मशीन भिंतीपासून वीतभर पुढे ओढून फायबरच्या पाटावर ठेवलं. "पंधरा दिवसांनी बाहेरचा पत्रा गोड्या पाण्याच्या फडक्याने पूस." मशीन चालू आहे. पैसे विचारले तर म्हणाले, पोरीचा अकरावीचा ऑनलाइन फॉर्म भरून दे. भरला. आता गल्लीतले बाकीचे फॉर्मही माझ्याकडे येतात आणि मला ते मनापासून आवडतं.

वासाबद्दल मी पहिल्या महिन्यात गुण कापणार होतो. थंडीत वलांड्यांवर, म्हणजे बांबूच्या आडव्या मांडण्यांवर, जबड्यात जबडा अडकवून बोंबील सुकत असतात आणि खिडकी उघडली की वास थेट उशीपर्यंत येतो. आता मत बदललंय. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. बोटी वर ओढून झाकल्या होत्या, बाजार गल्ली सुनी सुनी होती, आणि घरमालकीण मावशींनी डबा भरून सुके बोंबील आणि जवळा आणून दिला. ते दोन महिने आम्ही त्याच्यावर काढले. सुक्या बोंबलाचं कालवण आणि भात असला की बाहेरून काही मागवावंसं वाटत नाही. हिशेब केला तर त्या दोन महिन्यांत स्वयंपाकघराचा खर्च वर्षात सगळ्यात कमी आला.

ताज्या मासळीचं गणितही मावशींनीच शिकवलं. इथली डोल जाळी म्हणजे पाण्यात एका जागी बांधलेल्या मोठ्या पिशव्या, त्यांना भरती-ओहोटीचा जोर लागतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी जोरात धावतं, जाळी भरतात. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाण्याचा जोर कमी, मग मासळी कमी आणि भाव चढा. म्हणून आमच्याकडे बोंबील, मांदेली, करंदी आता वारावर येत नाहीत, तिथीवर येतात. रविवारी सकाळी बाहेरच्या रस्त्यावर घेणाऱ्यांनी एकदा हे करून बघाच.

खाडीपलीकडे मढला जायचं असेल, तर 'तर' म्हणजे फेरीबोट सोडून दुसरा विचार करू नका. दुचाकीही चढते, पाण्यावरून काही मिनिटं. रस्त्याने मालाडचा वळसा वीस किलोमीटरच्या वर जातो.

पावसाळ्याची धास्ती होती. जुलैत एकदा उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले, गल्लीत पाणी चढलं. दार वाजलं तेव्हा मी सामान वर ठेवत होतो. पोरांनी न विचारता तळमजल्यावरच्या आजींचा फ्रीज जिन्यावर चढवला, मग माझा, मग पुढच्या घराचा. आजी आमच्या खोलीत झोपल्या. सकाळी प्रत्येक घरातून चहा आला, इतका की प्यायला माणसं पुरेनात. आधीच्या टॉवरमध्ये शेजाऱ्याचं नाव मला दारावरच्या पाटीमुळे माहीत होतं. इथे माझ्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन कधी आहे हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे, आणि डबा कोणी कोणत्या दिवशी द्यायचा हेही बायकांनी ठरवून ठेवलंय.

एकांत हवा असेल, दाराला कायम कडी लागत असेल, तर इथे येऊ नका, तुम्हाला त्रास होईल. लहान मुलं किंवा म्हातारी माणसं घरात असतील तर जरूर या. नारळी पौर्णिमेच्या आधी आलात तर मिरवणूक घरातूनच दिसेल.

अकरा महिन्यांचा करार संपत आलाय. मावशींनी भाडं थोडं वाढवलं आणि मी नव्या करारावर सही केली. एकच अट घातली: खिडक्यांच्या सगळ्या बिजागऱ्या 316 च्या, अर्धा खर्च त्यांचा. त्यांना ती मान्य आहे. बसवायला दादा रविवारी येणार आहेत.