एमएस-डॉस ६.२२ : अडलेला संगणक सावरणारी प्रणाली
१९९४ साली आलेली एमएस-डॉस ६.२२ ही मायक्रोसॉफ्टची संगणक चालवणारी प्रणाली मी आजही एका जुन्या ४८६ प्रोसेसरच्या संगणकावर वापरतो आणि बिघाड शोधण्याच्या सोयींसाठी तिला पाचव्या आवृत्तीपेक्षा बरेच वरचे स्थान देतो. 'स्टार्टिंग एमएस-डॉस' ही ओळ दिसताच एफ५ दाबल्यास कॉन्फिग.सिस आणि ऑटोएक्झेक.बॅट या सुरुवातीच्या सूचनांच्या दोन्ही फाइली वगळून संगणक सुरू होतो. एफ८ दाबल्यास मात्र या फाइलींतली प्रत्येक ओळ चालवायची की नाही हे तो विचारत जातो, त्यामुळे नेमका कोणता ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्राम) अडतो आहे ते काही मिनिटांत कळते. ही सोय मला सर्वांत मोलाची वाटते, कारण पूर्वी अशा वेळी संगणक सुरू करून देणारी बूट फ्लॉपी हाताशी असावीच लागे.

मेमरीत जागा मोकळी करणाऱ्या मेममेकर या डॉसमधल्या प्रोग्रामबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. ६४० केबीच्या मूळ मेमरीतले ड्रायव्हर तो त्यापुढच्या वरच्या मेमरीत हलवतो खरे, परंतु 'मेम /सी' या आज्ञेने मेमरीचा वापर पाहून, ड्रायव्हर वर चढवणाऱ्या 'डिव्हाइसहाय'च्या ओळी कॉन्फिग.सिसमध्ये स्वतः लिहिल्यास आणि मोठे ड्रायव्हर आधी चढवल्यास अनेकदा अधिक जागा मोकळी होते. बदल जमला नाही, तर 'मेममेकर /अनडू' पूर्वस्थिती आणतो.

डिस्कवरच्या चुका शोधणारे स्कॅनडिस्क उत्तम आहे; विखुरलेल्या फाइली सलग लावणाऱ्या डीफ्रॅगच्या आधी ते आवर्जून चालवावे.