‘काकू, दागिने काढून ठेवा’ म्हणणारा पोलीस नसतो

मंगळसूत्र अडीच तोळ्यांचं, पाटल्यांची जोडी तीन तोळ्यांची, अंगठी ४ ग्रॅमची. एकूण ५९ ग्रॅम सोनं. भर रस्त्यात, सकाळी पावणेअकराला, माझ्याच हातांनी काढून दिलं. लिहायची लाज वाटते. पण परवा मागच्या गल्लीतल्या एका आजींनाही असंच गाठलं, म्हणून लिहितेय.

तोतया पोलिसांच्या बातम्या मीही वाचलेल्या आहेत, मी अडाणी नाही. एवढे दागिने घालून कशाला निघालात, असं ज्याला त्याला विचारावंसं वाटतं. भाच्याचा साखरपुडा होता, रिक्षा कोपऱ्यावर मिळते, तीनशे पावलांचं अंतर. तेवढ्यात मोटारसायकलवरून दोघे आले. केस बारीक कापलेले, एकाच्या अंगात खाकी पँट. ओळखपत्र काढलं आणि मिटलं. “काकू, पुढच्या चौकात काल एका बाईला चाकू मारून मंगळसूत्र नेलंय. आम्ही सगळ्यांना सांगतोय, तुम्ही ऐकत का नाही?” समोरून एक माणूस चालत आला, त्यालाही दरडावलं. त्याने मुकाट्याने गळ्यातली चेन काढून दिली, त्यांनी ती कागदात बांधून त्याच्या खिशात घातली. तो त्यांचाच माणूस होता, हे आता कळतं.

माझा विश्वास का बसला तेही सांगते. आठच दिवसांपूर्वी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात पोलिसांचं सुरक्षा मार्गदर्शन झालं होतं. ‘अंगावर दागिने घालून फिरू नका, गावाला जाताना शेजाऱ्यांना सांगून जा, ओटीपी कोणाला देऊ नका.’ पत्रकं वाटली, फोटो काढले. रस्त्यावरचा माणूस त्याच सूचना त्याच आवाजात देत होता. खरा पोलीस रस्त्यात थांबवून दागिने काढायला कधीच सांगत नाही, हे एक वाक्य त्या पत्रकात नव्हतं. ते असतं तर आज माझा गळा रिकामा नसता.

आणि तरीही मला कळायला हवं होतं. मी म्हटलं, “थांबा, माझ्या रुमालात बांधते.” तो म्हणाला, “रुमाल सुटतो काकू, द्या इकडे.” वर्तमानपत्राचा चौकोनी तुकडा त्याच्या हातात आधीच तयार होता, आणि मनगटावर तीन-चार लाल रबरबँड होते. पोलिसाच्या मनगटावर रबरबँड कशाला असतील? मी ते पाहिले, नीट पाहिले, आणि पुडी पर्समध्ये ठेवल्यावर त्याला “देव तुमचं भलं करो” म्हणाले. रिक्षात बसून पुडी सोडली. आत खडी आणि दोन लोखंडी कड्या.

तशीच चौकीत गेले. “तो रस्ता आमच्या हद्दीत येत नाही.” दुसरीकडे तीन तास वीस मिनिटं बाकावर बसवलं. मग प्रश्न आला, “स्वतःहूनच काढून दिलेत ना?” आणि सल्ला, ‘दागिने गहाळ’ असा अर्ज द्या. गहाळ! पडले का ते माझ्या हातून? ‘आपण सीसीटीव्हीच्या निगराणीखाली आहात’ अशी पाटी असलेला चौकातला कॅमेरा बंद. समोरच्या दुकानदाराकडे चित्रीकरण होतं, मी स्वतः जाऊन बघून आले, पोलिसांना सांगितलं. ते नवव्या दिवशी गेले, तोवर ते पुसलं गेलं होतं.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ मला भाच्याने वाचून दाखवलं. हद्द कुठलीही असो, फिर्याद नोंदवावीच लागते. प्रत फुकट मिळते. नकार दिला तर लेखी तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. पाठवली, आणि अकराव्या दिवशी गुन्हा नोंदला गेला. त्यातही सोन्याची किंमत जुन्या पावत्यांवरून १,६२,५०० रुपये लिहिली. सराफाने त्या दिवशीच्या भावाने केलेला हिशेब ५,३१,००० रुपये आहे. किंमत कशी धरलीत, हे सही करण्याआधी विचारा. मी रडवेली होऊन सही केली.

कोणी असं थांबवलं तर म्हणा, “मी ठाण्यात येते, तिथेच बोलू,” आणि चालायला लागा. दुकानात शिरा, ११२ लावा. मी आधी घरी फोन केला, त्यात दहा मिनिटं गेली. दागिन्यांचे फोटो पावत्यांबरोबर ठेवा, माझ्याकडे पाटल्यांचा एकही नव्हता. शेजारी दुसरा कोणी निमूटपणे दागिने काढून देत असेल तर त्याला साधा माणूस समजू नका.

मोटारसायकल काळी, नंबरप्लेटवर चिखल फासलेला. चालवणारा तिशीचा, डाव्या भुवईवर व्रण. मागचा सडपातळ, पायात पांढरे खेळाचे बूट. चेन काढून देणारा पन्नाशीचा, हातात भाजीची पिशवी, किंचित लंगडत होता. दिसले तर त्यांच्या अंगावर जाऊ नका, ११२ ला सांगा.