राखेच्या विटा आणि जिओपॉलिमर: कोणतं जलरोधक कुठे चालतं

कोराडी, चंद्रपूर, एकलहरे इथल्या औष्णिक वीज केंद्रांच्या राखेपासून केलेल्या विटांची भिंत प्लास्टर न करता ठेवली, की पावसाळाभर ती पाणी पिते. त्यावर मारायला बाजारात मुख्यतः दोन द्रव्यं मिळतात: पाण्यात मिसळायचं पोटॅशियम मिथाइल सिलिकोनेट आणि सॉल्व्हंटमधलं सिलेन-सिलोक्झेन. छिद्रं दोन्ही बुजवत नाहीत. छिद्रांना आतून अस्तर लागतं, पाण्याचा स्पर्शकोन (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन) 90 अंशांच्या वर जातो आणि भिंत पाणी ओढत नाही. वाफ मात्र बाहेर पडत राहते.

राखेच्या विटेला सिलिकोनेट पुरेसं आहे आणि स्वस्तही. डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी घाला. जास्त दाट मारलं तर पोटॅशियम कार्बोनेटची पांढरी पूड वर येते आणि सगळी भिंत डागाळते. भिंत दोन दिवस कोरडी हवी. पंपाचा दाब कमी ठेवून खालून वर मारा. ओघळ वीतभर खाली आला पाहिजे. दुसरा हात पहिला ओला असतानाच, कारण पहिला वाळला की तोच दुसऱ्याला झटकून टाकतो. चोवीस तासांत पाऊस आला तर माल धुऊन जातो. काचा आणि अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटी झाका, दोन्हींवर कायमचे डाग पडतात.

जिओपॉलिमर ब्लॉकवर, म्हणजे सिमेंटऐवजी अल्काने राख बांधून केलेल्या ब्लॉकवर, मात्र सिलिकोनेट नकोच. त्या ब्लॉकमध्ये सोडियम सिलिकेट आणि कॉस्टिक सोड्याचा मोकळा अल्क आधीच असतो, त्यात या द्रव्याच्या अल्काची भर पडते आणि पांढरे क्षार वाढतात. इथे महाग असलं तरी सिलेन-सिलोक्झेनच घ्या. सिलेनचा रेणू लहान, त्यामुळे तो खोल मुरतो. आधी क्षार कोरड्या ब्रशने काढा आणि मागून येणारी ओल बंद करा. ती चालू राहिली तर क्षार अस्तराच्या मागे साठतात आणि पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात.

थेंब गोळा होतो म्हणजे काम झालं, असं दुकानदार सांगतो. त्यावर विसंबू नका. उन्हाने ते गोळा होणं लवकर कमी होतं, आतलं अस्तर तरीही टिकून असतं. खरी परीक्षा कार्स्टेन नळीची, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या छोट्या नळीची: ती पुट्टीने भिंतीला चिकटवा, पाणी भरा, वीस मिनिटांनी पातळी बघा. द्रव्य न मारलेल्या विटेवर ती झरझर उतरते, चांगल्या मारलेल्या भिंतीवर जेमतेम हलते.

0.3 मिलिमीटरहून रुंद भेगा आणि पाणी साचणारी गच्ची या दोन्हींना याचा उपयोग नाही. पुढे प्लास्टर करायचं असेल त्या बाजूलाही मारू नका. प्लास्टर धरणार नाही.