पाच इंची रेसिंग ड्रोन: आठ महिन्यांच्या वापरानंतर

फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी असली, तरी सुट्या भागांना मुभा आहे. त्यामुळे गेल्या नोव्हेंबरात मी भाग मागवून पाच इंची पात्यांचा एफपीव्ही (गॉगलमध्ये ड्रोनच्या कॅमेऱ्याचे थेट चित्र पाहून उडवायचा) ड्रोन स्वतःच बांधला. कार्बन फायबरची फ्रेम, १९५० केव्हीच्या (एका व्होल्टमागे मिनिटाला तितके फेरे) २२०७ आकाराच्या मोटर, चारही मोटरचा वेग एकाच सर्किट बोर्डावरून सांभाळणारी ईएससी, रिमोटचे संकेत घेणारा एक्स्प्रेसएलआरएस रिसीव्हर आणि सहा सेलची १३०० एमएएच बॅटरी असा हा संच आहे. चित्रासाठी मात्र अ‍ॅनालॉगच ठेवले. उन्हाकडे तोंड झाले की चित्र पांढरे पडते, पण धडकेत कॅमेरा फुटला तर खिशाला फारशी झळ बसत नाही.

जोडणीला तीन संध्याकाळी लागल्या. बॅटरीच्या जाड तारांचे सोल्डरिंग सोडले तर त्यात अवघड काही नव्हते. तिथे लहान सोल्डरिंग आयर्न चालत नाही, कारण बोर्डाचे तांबेच उष्णता ओढून घेते आणि सांधा वरून चकचकीत दिसूनही आतून कच्चा राहतो. पहिल्यांदा बॅटरी जोडताना मध्ये स्मोक स्टॉपर (जादा वीजप्रवाह रोखणारे छोटे साधन) लावला होता, म्हणून एका उलट्या तारेवर निभावले. बीटाफ्लाइट या ड्रोनच्या नियंत्रक सॉफ्टवेअरमध्ये मोटरची दिशा आणि फेलसेफ (रिमोटचा संपर्क तुटल्यावरची सोय) तपासताना पाती काढून ठेवणे हा नियम मी आजतागायत मोडलेला नाही.

खरा त्रास महिनाभराने सुरू झाला. दोन मिनिटे जोरात उडवून उतरवला की चारही मोटरना हात लावता येत नसे आणि तीव्र वळणानंतर ड्रोन थरथरत असे. मी पंधरा दिवस पीआयडीचे, म्हणजे ड्रोन स्वतःला किती जोराने सावरतो ते ठरवणारे, आकडे बदलत राहिलो. थरथर कमी व्हावी म्हणून त्यातला ‘डी’ (झटके दाबणारा आकडा) वाढवला, तर मोटर आणखी तापल्या. शेवटी ब्लॅकबॉक्सची (उड्डाणात साठवलेल्या माहितीची) नोंद उघडली, तेव्हा जायरोमध्येच, म्हणजे ड्रोनचे फिरणे मोजणाऱ्या सेन्सरमध्ये, प्रचंड कंप दिसला. जायरो ज्यावर असतो त्या मुख्य बोर्डाखालच्या, म्हणजे फ्लाइट कंट्रोलरखालच्या, रबरी बुशांवर मी नट इतके आवळले होते की रबर चेपून निरुपयोगी झाले होते. फ्रेमचा कंप थेट जायरोत जात होता आणि ‘डी’ तोच कित्येक पटींनी वाढवून मोटरकडे पाठवत होता. नट सैल केले, द्विदिश डीशॉट (ईएससीकडून मोटरचा वेग परत कळवणारी सोय) सुरू करून त्या वेगाचा कंप गाळणारा आरपीएम फिल्टर लावला आणि पीआयडी मूळ आकड्यांवर परत नेले. त्यानंतर त्या आकड्यांना हात लावण्याची गरज पडलेली नाही, आणि ते पंधरा दिवस वाया गेल्याची चुटपुट अजून आहे.

बॅटरीच्या बाबतीत चूक सर्वस्वी माझी. मे महिन्यात लग्नासाठी आठवडाभर गावी गेलो आणि दोन बॅटऱ्या पूर्ण भरलेल्या, म्हणजे प्रत्येक सेल ४.२ व्होल्टवर, तशाच बंद खोलीत राहिल्या. परतलो तेव्हा एक फुगलेली होती. आता उडवायचे नसेल तर त्याच दिवशी सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवतो.

बॅटरीसह वजन साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास भरत असल्याने २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे हा सूक्ष्म (मायक्रो) गटात येतो. गॉगल लावल्यावर आजूबाजूचे काहीच दिसत नाही, म्हणून ज्वारी काढलेल्या रानात उडवतानाही धाकट्या भावाला शेजारी उभा करतो. तो दर वेळी यायला तयार असतोच असे नाही.

आतापर्यंत दोन भुजा, एक अँटेना आणि पात्यांचे जोड मोजण्यापलीकडे गेले. मोटर मात्र चारही पहिल्याच आहेत.