रक्त तपासायचं की शाळेत बाटल्या वाटायच्या?

शिरोळ तालुक्यात नदीकाठाला राहणाऱ्याला विहिरीचं पाणी का बिघडलं हे सांगायला नको. उसाला ओतलेला युरिया, गोठ्याचं पाणी, आडाला खेटून खोदलेले शोषखड्डे आणि वरून २०१९ आणि २०२१ चे महापूर. अडतं ते पुढंच. मंडळाकडं किंवा ट्रस्टकडं चार पैसे जमले, तर ते गावाच्या आरोग्य तपासणीला द्यायचे की पाण्याबद्दल समजावून सांगायला? आम्ही दोन्ही करून बघितलंय. एका वर्षी डॉल्बी नको म्हणून वाचलेल्या पैशांतून शिबिर घेतलं आणि पुढच्या वर्षी शाळेत पाणी तपासणी.

शिबिराची बाजू आधी मांडतो, कारण ती कमी नाही. सकाळी सहापासून रांग. एका काकूंची साखर चारशेच्या वर निघाली आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. तेवढ्यासाठी सगळा खर्च वसूल झाला असं कुणी म्हणालं, तर मी वाद घालणार नाही. वर्गणीदारही खूश होतात, बॅनर लागतो, फोटो निघतो.

माझं मन उडालं ते पाकिटांमुळं. रिपोर्ट आले तीन आठवड्यांनी, सगळे इंग्रजीत. मी खजिनदार, घर मंडळाच्या समोर, त्यामुळं गठ्ठा माझ्याच माथी. ढोल ठेवायच्या कपाटात ती पाकिटं रचली. निम्मे लोक न्यायला आलेच नाहीत. जे आले ते ओट्यावर बसून विचारायचे, "भाऊ, ह्या आकड्याफुडं एच लिहिलंय, म्हंजे काय?" मला काय कळतंय? मी म्हणायचो, डॉक्टरला दाखवा. मग पुढचा प्रश्न ठरलेला : "पर हे पाण्यामुळंच झालंय न्हवं?"

शिबिर घेतलं होतं त्याच प्रश्नासाठी आणि नेमकं त्याचंच उत्तर त्या पाकिटात नव्हतं. हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन यांवरून विहिरीत नायट्रेट (खतातून, गोठ्याच्या आणि शोषखड्ड्याच्या पाण्यातून उतरणारा क्षार) किती हे कळत नाही. त्याचा फटका मुख्यतः बसतो सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला. वरचं दूध त्या पाण्यात कालवलं की रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद घटते, ओठ-नखं निळसर पडतात. आम्ही सुया टोचल्या त्या सगळ्या मोठ्या माणसांना.

त्याहून वाईट म्हणजे घाबरलेल्या घरांनी विहिरीचं पाणी उकळायला सुरुवात केली. उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटतं तसं ते उलट दाट होतं. तुरटी, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) यांनीही ते हलत नाही. म्हणजे एक नातवंड असलेली आजी गॅस जाळून बाळाला आणखी वाईट पाणी पाजणार आणि ते आम्ही तिला सांगितलंच नव्हतं.

शाळेचा खर्च शिबिराच्या तिसऱ्या हिश्शात भागला. आठवी-नववीच्या पोरांनी आपापल्या आडाचं, बोअरचं पाणी आणलं. जंतूंसाठी एच-टू-एसच्या बाटल्या (पाण्यात जंतू असले की त्या काळ्या पडतात), नायट्रेटसाठी रंग जुळवायचं किट. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, ती फळ्यावर लिहून ठेवली. दुसऱ्या दिवशी काही बाटल्या काळ्याभोर झाल्या आणि त्या बघायला आया स्वतः शाळेत आल्या. रिपोर्ट न्यायला न येणाऱ्या घरांतल्याच ह्या बायका. बाटलीवर विहिरीचं नाव लिहिलेलं, एच कुठं नाही. गुरुजींनी तिथंच सांगितलं की जंतू असतील तर उकळा, नायट्रेट असेल तर बाळासाठी दुसरं पाणी आणा.

यातही खोट आहे. फिकट गुलाबी की गडद गुलाबी यावर पोरं भांडतात. किटवर पूर्ण भरवसा नको, शंका आली की नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतच धाडायचा. आणि विज्ञानाच्या गुरुजींची बदली झाली की सगळं थंडावतं. आमच्याकडं एक वर्ष तसंच गेलं.

सरकारी पैशाचंही बघा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना किट वापरायला शिकवायची तरतूद आहे. म्हणून नुसत्या तपासणीला खिशातून पैसे घालण्याआधी ग्रामपंचायतीत जाऊन पाण्याच्या धोक्यावरून तुमच्या गावाला हिरवं, पिवळं की लाल कार्ड आहे ते विचारा. समजावून सांगायला मात्र वेगळा पैसा मिळाल्याचं मी तरी बघितलं नाही.

यवतमाळ-चंद्रपूरकडं फ्लोराइड आहे तिथं माझं म्हणणं लागू होईलच असं नाही. दातांवर डाग, सांधे धरलेले असतील तर लघवीतलं फ्लोराइड तपासायलाच हवं. पण तेव्हाही नेमकी तीच तपासणी घ्या, शिबिराचं ठोक पॅकेज नको. आणि शिबिरच ठरलं असेल तर रिपोर्ट वाचून मराठीत सांगणाऱ्या डॉक्टरचे दोन दिवसांचे पैसे आधी बाजूला काढा.

शाळेचा मार्ग धरलात तर नमुने पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा घ्या. बाटल्या घेताना मुदतीची तारीख बघा. आमच्या पहिल्या खेपेतल्या दोन डझन तशाच वाया गेल्या.