कोअरडंपसीटीएल: काही महिने वापरल्यावर

सोलापूरच्या गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्टीवरून आलो, 'कोअरडंपसीटीएल लिस्ट' ही लिनक्सवर पडलेल्या प्रोग्रॅमांची यादी दाखवणारी कमांड मारली, तर फाइलच्या रकान्यात 'मिसिंग'. डोकंच फिरलं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना. गाठींचं वजन घेऊन बिल काढणारा प्रोग्रॅम सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी सेगफॉल्ट (मेमरीत भलतीकडे हात घालणं) होऊन पडला होता, आणि नेमका पुरावाच गायब!

कोअर डंप म्हणजे प्रोग्रॅम पडला त्या क्षणी त्याच्या मेमरीत जे होतं त्याची फाइल. ही फाइल /व्हार/लिब/सिस्टिमडी/कोअरडंपमध्ये कॉम्प्रेस होऊन पडते, इथवर झकास. पण आमच्या मशीनवर सिस्टिमडी-टीएमपीफाइल्स हा जुन्या फाइली साफ करणारा प्रोग्रॅम ती ३ दिवसांत झाडून टाकतो. (नव्या आवृत्त्यांत २ आठवडे, म्हणे उपकार.) जागेवर डिस्कच्या १०% ची मर्यादा मुळात आहेच की, मग वर ही सफाई कशाला? डिस्क माझ्या पैशाची, अर्धी रिकामी. दोन तारे देऊन मोकळा होणार होतो.

तेवढ्यात 'कोअरडंपसीटीएल इन्फो' मारून बघितलं. फाइल गेली तरी स्टॅक ट्रेस (पडताना कोणतं फंक्शन कुणी बोलावलं होतं त्याची यादी) जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या नोंदवहीत, शाबूत! सगळ्यात वर स्ट्रटॉड, खाली एटॉफ (दोन्ही मजकुराचा आकडा करणारी फंक्शनं), त्याखाली वजनकाटा देणाऱ्या काटेवाल्यांची लायब्ररी. आणि हेच काटेवाले फोनवर सांगत होते, "तुमच्याकडच्या लाइटचा प्रॉब्लेम आहे, यूपीएस बदला." यूपीएस काय फुकट येतो?

पुढच्या वेळी पडला तसा लगेच 'कोअरडंपसीटीएल डंप' करून कोअर पेनड्राइव्हवर घेतला. जीडीबी या डीबगरमध्ये बघितलं तर एटॉफला दिलेला पॉइंटर (मजकुराचा मेमरीतला पत्ता) शून्य. गाठ उचलली की काटा कधीकधी रिकामी ओळ पाठवतो, आणि तिच्यात आकडा सापडला नाही तरी यांची लायब्ररी काही न तपासता शून्य पॉइंटरच पुढं ढकलते. आता ते म्हणाले, कोअर मेल करा. मुळीच नाही. त्यात पार्ट्यांचे रेट, जीएसटी नंबर, पासवर्ड, मेमरीत होतं ते सगळं असतं. बॅकट्रेसचा, म्हणजे त्याच स्टॅक ट्रेसचा, मजकूर तेवढा पाठवला. कुरकुरत का होईना, लायब्ररी दुरुस्त करून दिली.

त्यामुळे चार तारे. पाचवा त्या ३ दिवसांनी खाल्ला. /यूएसआर/लिब/टीएमपीफाइल्स.डी मधली सिस्टिमडी.कॉन्फ /ईटीसी/टीएमपीफाइल्स.डी मध्ये कॉपी करून मुदत वाढवलीय, तुम्हीही आधी तेच करा. आणि प्रोग्रॅम नव्यानं बिल्ड केलात तरी जुनी बायनरी (बिल्ड झालेली प्रोग्रॅमची फाइल) फेकू नका. जुना कोअर नव्या बायनरीवर उघडलात तर जीडीबी भलत्याच ओळी दाखवतो.